फळ्यावरची शिक्षा

दाव्या, तू फळ्यावर 'आनंद' लिहून मेलास.

शनवारा भागातल्या तुझ्या दुकानाचं शटर परवा मीच उघडलं. समोर तोच काळा फळा, वर 'आज की शिक्षा' आणि खाली तुझ्या डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत 'आनंद'. टेबलावर कुणाची तरी पंपाची मोटार अर्धी भरून ठेवलेली, तांब्याची तार तशीच लोंबत होती. खाली तुझी एक चप्पल. दुसरी तुला उचलून नेताना रस्त्यात कुठेतरी पडली असणार. मला इतका संताप आला की पायाशी असलेलं स्टूल उचलून मी भिंतीवर भिरकावलं. त्याचा एक पाय मोडला. शेजारचा चहावाला धावत आला, माझं तोंड बघितलं आणि आल्या पावली परत गेला. आनंद म्हणे! छातीत कळ आली तेव्हा कसला आनंद झाला रे तुला?

आज नववा दिवस. रविवारी तुझ्या घरी प्रार्थना आहे. मार्थावहिनी म्हणाल्या, "दोन शब्द तुम्ही बोला भाऊ. तुमच्याएवढं जुनं कोणी नाही त्याइचं." दोन शब्द! माझ्याकडे एकच वाक्य आहे आणि ते अकरा वर्षं घशात अडकून पडलंय. सगळ्या बऱ्हाणपूरला ठाऊक आहे की दाविदचा उजवा हात मोटारच्या पंख्यात जाऊन अधू झाला. तो पंख्यात गेला नव्हता. तो माझ्या कोयत्याखाली आला होता. हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे आणि माझ्या चुलतभावाला, प्रल्हादला माहीत आहे. वहिनींना सांगायचं, की तुझ्याबरोबर पुरलं असं समजून गप्प बसायचं, हे ठरत नाही. म्हणून लिहायला बसलोय. बोलायला गेलो तर मी ओरडेन, तुला ठाऊकच आहे.

तिसरीपर्यंत मी आजोळी, रावेरकडे, मराठी शाळेत होतो. मग बाबांना कागद कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि तुम्ही आमचे शेजारी झालात, भिंतीला भिंत लागून. तुझे वडील याकोबकाका मूळचे नगरकडचे, त्यामुळे तुमच्या घरात मराठी, पण चर्चमधलं सगळं हिंदीत. तुझं हिंदी सुधारावं म्हणून काका रोज सकाळी दाराच्या मागच्या फळ्यावर लिहायचे, 'आज की शिक्षा', आणि त्याखाली एक शब्द. धीरज. नम्रता. संयम. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, हे मला कोण सांगणार? मला आपली मराठी शिक्षा माहीत होती, बाबांच्या कमरेच्या पट्ट्याची.

मला तुझी फार कीव यायची. आमच्याकडे बाबांचं डोकं फिरलं की पट्टा निघायचा आणि दहा मिनिटांत प्रकरण मिटायचं. तुझा बाप मात्र पोरगं उठायच्या आधी त्याची शिक्षा ठरवून, वर ती खडूनं लिहून मोकळा! आणि रोज नवी. मी आईला सांगितलं की शेजारचे काका भयंकर कडक आहेत. आई म्हणाली, "दिसत तर नाहीत बाई."

मग एक दिवस फळ्यावर आलं, 'आज की शिक्षा: दया'. मागच्या लाइनीत दयाराम राहायचा, त्याला सगळे दया म्हणायचे. आदल्याच दिवशी त्यानं तुझ्या गोट्या हिसकावल्या होत्या. मला लख्ख कळलं. दयानं तुझीच चुगली केली असणार आणि त्याच्यापायी तुला शिक्षा झाली असणार. शाळेच्या नळापाशी मी त्याला गाठला, केस धरले आणि त्याचं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. पुढचा दात तुटून मोरीत पडला. रक्त पाण्यात मिसळून माझ्या पायांवरून वाहत होतं आणि मला आत कुठेतरी गार वाटत होतं, हे मी आज कबूल करतो.

तू धावत आलास. "अबे, काबरं मारतो त्याले?"

"तुले याच्यापायी शिक्षा झाली ना!"

तू बघतच राहिलास. मग रडता रडता हसायला लागलास. "अबे गधे, शिक्षा मतलब शिकवण. दया मतलब... दया!"

दयेच्या दिवशी मी दयाचा दात पाडला. ही गोष्ट तू जन्मभर प्रत्येकाला सांगितलीस, माझ्या लग्नातसुद्धा सांगितलीस. पण तिचा पुढचा भाग तू कधी सांगायचा नाहीस. याकोबकाका माझ्या दंडाला धरून मला दयाच्या घरी घेऊन गेले. "माफी माग," म्हणाले. मी दात आवळून उभा. "भास्कर, माफी माग बाळा." मी नाहीच. शेवटी त्यांनीच दयाच्या बापापुढे हात जोडले. "पोराचं चुकलं. माझंच पोर समजा," म्हणाले. त्या माणसानं काकांना दारातच नाही नाही ते ऐकवलं आणि काकांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मला काकांची लाज वाटली. स्वतःची वाटायला हवी होती, हे कळायला फार वर्षं गेली. संध्याकाळी बाबांनी पट्टा काढला तेव्हा कुठे मला बरं वाटलं. ती शिक्षा माझ्या ओळखीची होती.

काका गेल्यावर तो फळा तू दुकानात आणलास. जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा धंदा, पावरलूमवाले आणि आम्ही केळीवाले ही गिऱ्हाइकं, दोन्ही जाती तोंडाच्या फटकळ. तू रोज एकच शब्द लिहायचास आणि त्या दिवसापुरता तेवढाच पाळायचास. मी चिडवायचो, की बाकीच्या गुणांना आज सुट्टी का? तू म्हणायचास, "सगळे एकदम पाळायले गेलं का एकबी पाळल्या जात नाही, भास्क्या. तू काय पुरा शेत एकदम भिजवतो? पाळी लावतो ना?"

धीरजच्या दिवशी शेवटच्या वेढ्याला तार तुटली, तर तू सगळी गुंडाळी उकलून पहिल्यापासून भरायला घ्यायचास. कुणी विचारलं तर फळ्याकडे बोट. एकदा नम्रतेच्या दिवशी एका पावरलूमवाल्यानं तुला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तुझ्या मानेची शीर टरारून फुगलेली मला दिसत होती. मी मोठा पाना उचलला. आणखी एक शिवी आली असती तर त्याचं डोकं मी फोडलंच असतं. तू हातातली तार न सोडता नुसतं फळ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "भास्क्या, पाना जागेवर ठेव. सेठसाठी एक कट चाय सांग." चहा सांगायला मीच गेलो, तुला आणि तुझ्या प्रभूला शिव्या देत.

तू काही देवमाणूस नव्हतास. लोक आता तसं म्हणायला लागलेत, म्हणून सांगतो. ग्रीसच्या धंद्यात पांढराशुभ्र शर्ट घालायची तुला खाज होती आणि त्यावर डाग पडला की घरी वहिनींवर चिडचिड. कॅरममध्ये हरलास की दोन दोन दिवस अबोला. आणि लबाडसुद्धा होतास. दिवस जड जाणार असला की फळ्यावर मुद्दाम सोपा शब्द लिहायचास. "आनंद सस्ता पडतो," डोळा मारून म्हणायचास.

हेच मला छळतंय, दाव्या. त्या दिवशी तू 'आनंद' का लिहिलंस ते मला माहीत आहे. आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन आला होता. "उद्या जसोंडीले येतो. दोघं मिळून प्रल्हादच्या घरी जाऊ. बहुत झालं आता." मी काय बोललो? "तुझं शास्त्र घाल चुलीत आणि पुन्हा हे नाव काढलं तर दुसरा हातपण तोडीन." असं बोललो. तू म्हणालास, "चल, छोड." सकाळी तू माझ्या गावी, जसोंडीला, आला नाहीस. दुकान उघडलंस आणि सोपा शब्द लिहिलास.

आपलं भांडण जन्मभर एकच होतं. मी म्हणायचो, क्षमा हा दुबळ्यांचा धंदा आहे, ज्याला मारता येत नाही तो माफ करतो. तू म्हणायचास, "मारता मलेबी येतं. रोज हात शिवशिवतो. पहिला तूच खाशील." आणि मग आपण दोघंही हसायचो, कारण तू कुणाला मारशील हे आपल्या दोघांच्याही कल्पनेत बसायचं नाही.

ती अकरा वर्षांपूर्वीची सकाळ आता लिहायलाच हवी.

केळीचे घड पोसले होते, आठवड्याभरात कापणी होती. मी बागेत शिरलो तर बांधाकडच्या चार ओळी आडव्या. प्रत्येक खोडावर एकच घाव, कमरेइतक्या उंचीवर, सफाईनं घातलेला. घड मातीत तोंड खुपसून पडलेले आणि कापल्या जागेतून पाणी गळत होतं, म्हणजे घाव ताजे होते. आमच्याकडे वैर काढायची हीच रीत आहे. माणसाला कुणी हात लावत नाही, त्याची उभी बाग पाडतात. माझा चुलतभाऊ प्रल्हाद आणि मी, आमची बांधावरून आदल्याच दिवशी हातघाई झाली होती. दुसरा कोण असणार? मी विचारच केला नाही. कोयता घेतला आणि निघालो.

तू त्या दिवशी माझी मोटार बसवायला आला होतास, तोच पांढरा शर्ट घालून, केळीच्या बागेत! पडलेल्या खोडांवरून धडपडत तू माझ्यामागे पळत आलास. "सोड ना, भास्क्या. पहिले विचार तर त्याले. सोड ना!"

प्रल्हाद त्याच्या विहिरीपाशी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मी मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. तो तोंडावर पडला, वळला आणि त्यानं माझी पिंढरी दातांनी धरली. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला, एका हातानं केस धरून डोकं मागं ओढलं आणि कोयता उचलला. दाव्या, मी धाक दाखवायला उचलला नव्हता. मी मान बघून ठेवली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तू मध्ये हात घातलास.

केळीचं खोड कापताना पचकन आवाज येतो. हा तसा नव्हता. लोखंड हाडाला लागलं की काय आवाज होतो तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. तू ओरडला नाहीस. उजवं मनगट डाव्या हातानं आवळून खाली बसलास, तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला आणि तू पहिलं वाक्य प्रल्हादला म्हणालास. "तू घरी जाय. तू काही नाही पाह्यलं." मग मला, "गाडी काढ."

मोटारसायकलवर तू मागे बसून माझ्या पाठीला चिकटला होतास. तुझं रक्त माझ्या सदऱ्यातून पाठीवर उतरत होतं, गरम होतं ते, आणि तू माझ्या कानाशी पाढे म्हणवून घेतल्यासारखं म्हणवून घेत होतास. "पंख्यात गेला. दुकानातल्या मोटारचा पंखा. कव्हर काढेल होतं. म्हण. म्हण ना बे!" मी म्हटलं. दवाखान्यातही तेच म्हटलं. नाहीतर त्या दिवशी मी थेट कोठडीत गेलो असतो.

त्या दिवशी फळ्यावर काय होतं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. 'सच्चाई'. सच्चाईच्या दिवशी तू मला वाचवायला खोटं बोललास, मलाही बोलायला लावलंस आणि वर माझ्याच तोंडावर हसलास. मी चिडलो होतो, आजही चिडतो. मी म्हणालो, तुझे गुण सगळे सोयीचे आहेत. तू म्हणालास, "फळा दुकानात होता, आपण शेतात होतो." मग जरा वेळानं गंभीर होऊन म्हणालास, "मालूम आहे मले. त्याची शिक्षा मले होईन." तेव्हा तू ती हिंदीतली म्हणालास की मराठीतली, हे मी विचारलं नाही.

तीन बोटं कायमची आखडली. सहा महिने तू डाव्या हातानं तार भरायला शिकत होतास. तार निसटायची, गाठ व्हायची, भरलेली गुंडाळी सुटायची. एकदा तू तारेचं आख्खं रीळ भिंतीवर आपटलंस आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलास. मी समोर बसलो होतो. मी उठलो, रीळ उचललं, गुंता सोडवत बसलो. 'चुकलो' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी तासभर गुंता सोडवला आणि घरी गेलो.

आणि बाग प्रल्हादनं पाडलीच नव्हती. महिन्याभरात पाहुण्यांकडून कळलं, की आदल्या संध्याकाळी आमची हातघाई झाल्यावर तो लगेच खंडव्याला निघून गेला होता, रात्रभर आजारी सासऱ्याच्या उशाशी होता आणि त्या सकाळी पहिल्या बसनं नुकताच उतरला होता. कोणी पाडली ते आजतागायत कळलेलं नाही. ज्याची मान मी कापायला निघालो होतो त्यानं काहीच केलं नव्हतं. आणि त्यानंही तोंड उघडलं नाही. एका शब्दानं तो मला खडी फोडायला पाठवू शकला असता. अकरा वर्षं तो बांधाच्या पलीकडे मान खाली घालून काम करत राहिला आणि मी त्याचं गप्प बसणं भीती समजत राहिलो. तू दर नाताळला म्हणायचास, "चल, त्याच्या घरी जाऊ, पाच मिनटं लागतीन." मी दर नाताळला तुझ्याकडच्या करंज्या खाऊन परत यायचो.

मला तू माफ केलं होतंस का, दाव्या? एकदाच विचारलं होतं, तेही आडून. तू म्हणालास, "मागशील तर दीन. न मागता घरपोच देत नाही आपण." मी हसलो. तू हसला नाहीस.

तुला पुरलं त्या दिवशीचं तुला सांगायचं आहे. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. पेटी दोरांवर खाली सोडायची होती. डोक्याकडचा दोर मी धरला. समोरून पलीकडचं टोक कोणी धरलंय म्हणून बघितलं तर प्रल्हाद. जसोंडीहून तो कधी आला, कुणी कळवलं, काही माहीत नाही. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. एकाच दोराची दोन टोकं आणि मध्ये तू, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी दोर घट्ट आवळून धरला आणि पेटी माझ्याकडून वर राहिली, एका अंगावर कलली. आत तू सरकल्याचा आवाज आला. वहिनी किंचाळल्या. तेव्हा प्रल्हाद अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"सोड," म्हणाला. "हळूहळू. मी धरलंय. सोड."

मी सोडला.

इथवर शनिवारपर्यंत लिहिलं होतं. आज रविवार आहे, दुपार झाली आहे आणि मी तुझ्या दुकानात बसून पुढचं लिहितोय.

प्रार्थना अकराला होती, मी नऊलाच तुझ्या घरी गेलो. वहिनी स्वयंपाकघरात भरतासाठी वांगी भाजत होत्या. तुला आवडायचं म्हणून आज सगळ्यांना भरीत-भाकरी. मी दारात उभा राहिलो. अर्ध्या रस्त्यात दोनदा गाडी वळवली होती, हेही तुला सांगतो.

"वहिनी, दाव्याचा हात पंख्यात नव्हता गेला."

त्यांनी वांगं उलटवलं. "मंग?"

"माझा कोयता होता."

त्यांनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले. दोन पावलं चालत आल्या आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी मांडणीवर आदळलो. दोन पेले खाली पडले. वहिनींचा हात एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं. कानात शिट्टी वाजत होती, तोंडात रक्ताची चव आली. गालफडात दात रुतला होता. मी गाल धरून तसाच उभा राहिलो. खरं सांगू? नळापाशी वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं काहीतरी वाटलं. हलकं वाटलं.

त्या आतल्या खोलीत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात तुझा तो शर्ट होता, घडी घातलेला. त्यांनी तो माझ्यापुढे झटकून उघडला. छातीवर, बाहीवर काळपट तपकिरी डाग.

"रगत थंड्या पाण्यानं निघालं," वहिनी म्हणाल्या. "हे नाही निघालं. केळीचा चीक कधी निघते का? दुकानात केळीचा चीक कुठून आला, भाऊ?"

मी बाहीवरच्या डागाला बोट लावलं.

"मी त्याइले तव्हाच विचारलं. ते म्हणे, हे मी नाही सांगणार. भास्कर सांगीन. आज ना उद्या सांगीन, तू फकत थांब." त्यांचा आवाज फाटला. "हात तोडला म्हून नाही मारलं मी. तो राग कव्हाच गेला माहा. अकरा वरीस तुम्ही माह्या हातचं खाल्लं, या इथी बसून. दर रविवारी मी समोर ताट ठेवायची अन् मनात म्हणायची, आज बोलतीन. आज बोलतीन. ते गेले तरी तुम्ही नाही बोलले!"

म्हणजे तू मला वाचवायला जगाशी खोटं बोललास, पण बायकोशी नाही. आणि मला कळूही दिलं नाहीस की ती वाट बघतेय. दर रविवारी डाव्या हातात चमचा धरून तू माझ्या तोंडाकडे बघायचास, मला वाटायचं जेवण कसं झालंय ते विचारतोयस. अकरा वर्षं, दाव्या! लबाडा, एवढा धीर कुठून आणलास तू?

वहिनींनी पेले उचलले, विसळले, जागेवर ठेवले. मग पाट मांडला. "बसा."

"नको वहिनी."

"बसा म्हटलं ना. लोक यायच्या पहिले खाऊन घ्या, मंग बोलाले तोंड पाहिजे तुम्हाले. अन् प्रल्हादभाऊलेबी बलावलंय मी, दोर सोडताना दोघाइची तोंडं पाह्यली तव्हाच समजलं मले. त्याइच्यासमोरबी बोलजा."

मी बसलो. गाल पेटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काही थापडेचं, काही भरतातल्या मिरचीचं आणि बाकीचं तुझं. शिक्षा म्हणजे शिकवण, हे तू मला नळापाशी सांगितलं होतंस. पन्नाशी उलटल्यावर तुझ्या बायकोनं ते मला दोन्ही भाषांत एकदम समजावलं. दुसऱ्या घासाला ते शब्द आपोआप बाहेर पडले, भरल्या तोंडानं, धड कळलेही नसतील.

"माफ करा, वहिनी."

त्यांनी ताटात अर्धी भाकरी टाकली. "पहिले घास गिळा," म्हणाल्या, "अन् मंग पुन्हा म्हणा."

मी गिळला आणि पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्या भाकरीवर तूप घातलं आणि त्या उरलेली वांगी सोलायला बसल्या. अकरा वाजता प्रल्हाद आला. त्यालाही तेच म्हटलं, सगळ्यांसमोर. तो चपला काढता काढता थांबला, एक चप्पल पायात तशीच ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "पाय दुखतो का अजून? फार जोरात चावलो होतो मी." लोक आमच्याकडे बघत राहिले.

आता दुकानात कोणी नाही. स्टुलाचा मोडलेला पाय मी ठोकून बसवलाय, थोडं डुगडुगतंय. मोटार अर्धीच आहे, ती मला भरता येत नाही. फळा मी पुसलेला नाही. वहिनी म्हणतील तेव्हा पुसेन.

घरपोच मिळत नाही म्हणाला होतास, म्हणून तुझ्याच दारात येऊन मागतोय. माफ कर, दाव्या. तोंडात घास नाही.